घोड्याची चंदी कोणाच्या खात्यावर?

कोकणात घोडा जन्मला नाही, तो बोटीतून उतरला. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपाशी उभं राहिलं की समोर जो समुद्र पसरलेला दिसतो, त्याच्यावरून काही शतकं घोड्यांची ने-आण चालली होती. उत्तरेला चौल, दक्षिणेला वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ. होर्मुझहून आणि अरबस्तानातून निघालेली गलबतं या बंदरांत घोडे उतरवत आणि तिथून ते घाट चढून जुन्नर, बिदर, गुलबर्ग्याला जात. आंजर्ल्याची जोग नदीची खाडी त्या मानाने लहान. तिच्यात मचवे आणि होड्या. इथल्या माणसाचं ओझं बैलाने वाहिलं, होडीने वाहिलं, नाहीतर त्याने स्वतःच डोक्यावरून वाहिलं. घोडा ही सरदारांची, लढाईची आणि मोठ्या पैशाची गोष्ट. कोकणातल्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात तो टिकवायचा तर कोरडी वैरण साठवावी लागते, छप्पर लागतं आणि रोजची चंदी लागते. ती कोण देणार, या प्रश्नाभोवतीच हा सगळा इतिहास फिरतो.

१४७० च्या आगेमागे अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौलला उतरला. बरोबर विकण्यासाठी आणलेला एक घोडा. एकच, पण त्यावर त्याची सारी पुंजी लागलेली. घाट चढून तो जुन्नरला पोचला, तर तिथल्या असदखानाने घोडाच अडकवून ठेवला. माणूस मुसलमान नाही हे कळल्यावर खानाने अट घातली, की धर्म बदल, घोडाही मिळेल आणि वर मोहराही. निकितिन हवालदिल झाला. शेवटी एका खुरासानी खोजाने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. पुढे तो त्याने बिदरला विकला आणि परतीच्या वाटेवर दाभोळ बंदरातून जहाज धरलं. दाभोळ किती मोठं बंदर आहे आणि तिथे कुठकुठल्या मुलखांतले घोडे उतरतात, हे त्याने लिहून ठेवलं आहे. या देशात घोडे पैदा होत नाहीत आणि आणलेल्या घोड्यांना इथे वाटाणे आणि गूळसाखर घातलेली खिचडी खाऊ घालतात, याचंही त्याला नवल वाटलं होतं.

त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी मार्को पोलोने ठाण्याबद्दल जे लिहिलं ते याहून मासलेवाईक आहे. ठाण्याच्या राजाने समुद्री चाच्यांशी करार केला होता म्हणे. लुटीतला बाकी माल तुमचा, घोडे तेवढे माझे. आज आपण ज्याला जनावरांची तस्करी म्हणतो तिच्यात खुद्द सरकारच भागीदार होतं. तमिळ किनाऱ्याबद्दल पोलो आणखी एक गोष्ट सांगतो. घोड्याचे व्यापारी नालबंदांना आणि घोड्यांच्या जाणकारांना तिकडे जाऊच देत नाहीत, कारण घोडे जगले तर पुढच्या वर्षी नवे कोण घेणार? पोलोच्या सगळ्याच गोष्टी डोळे मिटून घेऊ नयेत, पण धंद्याचं हे तर्कशास्त्र अगदी खरं वाटतं.

खरेदीदार राजाही काही कमी नव्हते. विजयनगरचा साळुव नरसिंह होर्मुझ आणि एडनहून घोडे मागवी. पोर्तुगीज इतिहासकार नुनिझ सांगतो, की तो हजार पर्दाव नाण्यांना तीन घोडे असा भाव देई आणि मेलेले घोडेही घेई. वाटेत समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली की जिवंत घोड्याइतकेच पैसे मिळत. राजाचा हेतू उघड आहे. व्यापारी नुकसानीच्या भीतीने शेजारच्या सुलतानाकडे वळू नयेत. पण गलबताच्या तळात, अंधारात, हिंदकळत बांधलेल्या घोड्याच्या बाजूने पाहा. पाण्याची पखाल अर्धी उरली असेल तर ती आधी कोणाला द्यायची? शेपटीलाही तोच भाव मिळणार असेल तर घोडा जगवायची धडपड कशाला? सरकारी धोरण पैशाने उदार आणि परिणामाने क्रूर कसं होतं, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्धच्या कायद्यांचा इतिहास लिहिताना लोक सहसा १८२२ सालच्या इंग्लंडातल्या मार्टिनच्या कायद्यापासून सुरुवात करतात. मी वाशिष्ठीच्या काठी, चिपळूणजवळच्या दळवटण्यापासून करीन. ज्या नदीच्या मुखाशी दाभोळला घोडे उतरत, तिच्याच वरच्या अंगाला हे गाव आहे.

१६७३-७४ चा काळ. राज्याभिषेकाचे दिवस जवळ आलेले. मराठ्यांचं घोडदळ पावसाळ्यासाठी इथे छावणीला होतं. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र आज प्रसिद्ध आहे. त्यातला रयतेला त्रास न देण्याचा हुकूम भाषणांतून इतक्यांदा येतो, की बाकीचं पत्र झाकून गेलं आहे. ते पत्र मुळात घोड्याच्या खाण्याबद्दल आहे.

ते सावकाश वाचलं तर लिहिणाऱ्याने छावणीचे चार महिने डोळ्यांपुढून एकेक करून जाऊ दिले आहेत, हे जाणवतं. प्रांतात साठवलेलं धान्य आणि वैरण आधीच्या लष्कराने खाऊन संपवली आहे. तरीही सुभेदाराला सांगून, जिथून मिळेल तिथून दाणा, गवत गोळा करून पागेच्या हवाली केलं आहे. आता तुम्ही आहे तोवर हवं तसं उधळलंत, तर ऐन पावसात कोठी रिकामी होईल. मग तुम्हालाही उपास पडतील आणि घोडी मरू लागतील. त्या घोड्यांचं मरण तुमच्या माथी येईल. भुकेले शिपाई गावात शिरतील, कोणी कुणब्याचं धान्य आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा. मग घर धरून राहिलेली गरीब माणसंही परागंदा होतील आणि यांच्यापेक्षा मोगल बरे असं त्यांना वाटू लागेल. म्हणून नेमलेला शिधा रोजच्या रोज, हिशेबाने घ्यायचा आणि कारकुनांनी तो चोख द्यायचा.

एवढ्यावर पत्र थांबत नाही. पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. छावणीत उन्हाळ्यात जागोजाग गवत पडलेलं. कोणी तिथेच चूल मांडतो, कोणी आगटी पेटवतो, कोणी चिलमीला विस्तव घ्यायला येतो. वारा सुटलेला. एक खण पेटला की सगळे पेटतील. रात्री दिवा तसाच ठेवून झोपलात तर उंदीर जळती वात ओढून नेईल. गवत एकदा जळून गेलं की मग कुणब्यांच्या माना कापल्या, कारकुनांना कितीही ताकीद केली, तरी एक काडी मिळणार नाही. म्हणून अंमलदारांनी रोज फिरून पाहायचं, रात्री दिवे विझले का याची खातरजमा करायची.

उंदराने वात ओढून नेण्यापर्यंत विचार करणारा सरकारी हुकूम क्वचितच सापडतो. यात भूतदयेचा शब्दही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. घोडा इथे युद्धसामग्री आहे. तो मेला तर दसऱ्यानंतरची मोहीम थांबेल. पण धोरण म्हणून हे पत्र शेपटीला भाव देणाऱ्या हुकुमाच्या बरोबर उलट्या टोकाला उभं आहे. खाणं किती, ते येणार कुठून, नासलं तर दोष कोणाचा, आणि घोडा उपाशी राहिला तर त्याच्याबरोबर आणखी कोण भरडलं जाईल, या चारही प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत. मराठ्यांच्या पागेची बांधणीही याच हिशेबाची. बखरकार सभासदाने सांगितलेल्या व्यवस्थेप्रमाणे पंचवीस घोड्यांमागे एक हवालदार, त्याच पंचवीसांमागे एक पाण्याची पखाल आणि एक नालबंद. निगा हा कोणाच्या मर्जीचा भाग नव्हता, तो तैनातीचा भाग होता.

इंग्रजी अमलात हे सूत्र सुटलं. त्याची पहिली ठिणगी घोड्यावरून पडली नाही, कुत्र्यावरून पडली.

मुंबईत उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम जुनाच होता. १८३२ साली ती मुदत जूनपर्यंत वाढवण्यात आली. शिपायांना कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आण्यांसाठी माणूस काय करील ते सांगायला नको. मोकाट कुत्रं पकडण्यापेक्षा ओट्यावर झोपलेलं पाळीव कुत्रं पकडणं सोपं. घरात शिरून कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी होऊ लागल्या. ६ जूनला कोटात पारशी मंडळींनी कुत्रे मारणाऱ्या शिपायांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी, पारशांच्या पवित्र दिवशी, दुकानं बंद राहिली. पारशांबरोबर जैन, हिंदू आणि मुसलमानही बंदमध्ये होते. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि लष्कराच्या रसदीवर त्याचा परिणाम झाला. सरकारने पलटण बोलावली, धरपकड केली, खटले चालवले. पण धोरण मात्र मऊ करावं लागलं. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याची गोष्ट सुरू झाली.

बाहेर म्हणजे कुठे? आणि तिथे त्यांना खायला कोण घालणार? सरकारकडे उत्तर नव्हतं, ते व्यापाऱ्यांनी दिलं. १८३४ साली जमशेटजी जीजीभाई, शेठ मोतीशा यांच्यासारख्या धनिकांनी मुंबईचा पांजरपोळ उभा केला. नुसती देणगी देऊन ते थांबले नाहीत. व्यापारात येणाऱ्या मालावर ठरावीक लागा बसवला. कापसावर इतका, साखरेवर इतका. त्यात अफूवरचाही होता, ही त्या काळाची गंमत. चीनला अफू निघाली की सी. पी. टँकजवळच्या पांजरपोळात म्हाताऱ्या बैलाला पेंढी मिळे. पुण्याचा उगम तपासू नये म्हणतात ते बरंच आहे. पण लागा हा उत्पन्नाचा चालू झरा होता आणि म्हणूनच तो पांजरपोळ आजवर टिकला.

१८७४ हे साल मुंबईच्या जनावरांच्या इतिहासात मोठं योगायोगाचं आहे. त्या वर्षी ९ मे रोजी शहरात घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या आणि त्याच वर्षी प्राण्यांवरच्या क्रौर्याला आळा घालणारी संस्थाही स्थापन झाली. एकीकडे भर उन्हात रुळावरून डबे ओढणारे शेकडो घोडे, दुसरीकडे त्यांच्या पाठीवरचे व्रण पाहून खटला भरणारे तपासनीस. पुढे १८८३-८४ मध्ये परळला सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाचं बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं इस्पितळ झालं आणि १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यकाचं कॉलेज निघालं. लंगड्या, जखमी घोड्याला कामाला जुंपल्याबद्दल मालक पकडला गेला की घोडा इस्पितळात जाई. घाटावरच्या आणि कोकणातल्या माणसाने 'बैलघोड्याचं इस्पितळ' म्हणून ज्याचं नाव ऐकलं ते हेच. १८९० साली क्रौर्यप्रतिबंधाचा कायदा सबंध देशासाठी झाला. त्याआधीच, १८७९ मध्ये, ग्लँडर्स म्हणजे घोड्यांच्या संसर्गजन्य शेंबड्या रोगाविरुद्ध कायदा आला होता आणि १८९९ मध्ये तो नव्याने केला गेला. घोड्याच्या आजाराची काळजी सरकारला त्याच्या छळापेक्षा आधी वाटली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. रोग माणसालाही होतो आणि पलटणीच्या घोड्यालाही.

याच काळातल्या दंडविधानाने जनावरांची जी प्रतवारी लावली ती तर वाचण्यासारखी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेप्रमाणे घोडा, उंट, हत्ती, बैल, गाय, म्हैस यांना कोणी मारलं किंवा निकामी केलं तर किंमत न पाहता पाच वर्षांपर्यंत कैद. इतर जनावराला मारलं तर आधी त्याची किंमत पाहायची. दहा रुपये असेल तर एक कलम, पन्नास असेल तर दुसरं. वाडीतल्या गावठी कुत्र्याला कोणी विष घातलं तर त्याची किंमत दहा रुपये होती हे सिद्ध करायचं कसं? बाजारात ज्याला गिऱ्हाईक नाही त्याला कायद्यातही जागा नाही. ही किमतीची अट तब्बल दीडशेहून अधिक वर्षं टिकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ती गेली. आता कोणत्याही जनावराला ठार मारणं, विष घालणं, अपंग करणं यांना पाच वर्षांपर्यंतची शिक्षा एकाच कलमाखाली आहे. या बदलाची फारशी चर्चा कोणी केली नाही.

स्वातंत्र्यानंतरचा मुख्य कायदा १९६० चा. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी खाजगी विधेयक आणलं, पंडित नेहरूंनी सरकारच तसा कायदा करील असं आश्वासन देऊन ते मागे घ्यायला सांगितलं, आणि शब्द पाळला गेला. कायदा विचारपूर्वक लिहिलेला आहे. कोंडून ठेवणं, उपाशी ठेवणं, आजारी जनावराला कामाला जुंपणं, अतिश्रम, अवजड ओझं, सगळं त्यात आहे. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. १९६० मध्ये पन्नास रुपये म्हणजे कोणाचा तरी पंधरवड्याचा पगार असेल. आज हर्णैच्या बंदरावर पन्नास रुपयांत बांगड्यांचा वाटाही येणार नाही. बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली तेव्हा शर्यतीच्या अटी मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड ठेवला. म्हणजे आकडा वाढवता येत नाही अशातला भाग नाही. उपाशी घोड्याच्या वतीने तो वाढवायला कोणी बसलं नाही, इतकंच.

याच कायद्याखाली १९६५ मध्ये ओझ्याच्या जनावरांचे नियम झाले. ते कोणी वाचत नाही, पण वाचावेत असे आहेत. दिवसातून एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग पाच तासांनंतर विश्रांती हवीच. जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. काटेरी लगाम, टोचणी बंद. तट्टाच्या पाठीवर ७० किलोपेक्षा जास्त ओझं नाही, गाढवाच्या पाठीवर ५० किलो. टांग्यात हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चारच माणसं. दळवटण्याच्या पत्राची आठवण व्हावी असा हा तपशील. फरक एवढाच की रोज रात्री फिरून दिवे विझले का ते पाहणारा हवालदार इथे नाही.

मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांचं प्रकरण मी जरा जवळून पाहिलं आहे, म्हणजे कागदांतून आणि वर्तमानपत्रांतून. गेटवेपाशी आणि मरीन ड्राइव्हवर चंदेरी पत्र्याने मढवलेल्या, रंगीत दिव्यांच्या त्या गाड्या चाकरमान्यांच्या पोरांनी तरी पाहिलेल्याच असतील. ट्राम विजेवर गेली, मोटारी आल्या, तेव्हा सवारीची व्हिक्टोरिया मौजेची सवारी झाली. डांबरी रस्त्यावर दिवसरात्र धावणारे घोडे, खुरांच्या जखमा, दाटीवाटीच्या वस्त्यांतले ओलसर तबेले, अपुरं पाणी, अशा तक्रारी घेऊन एका प्राणिहितैषी न्यासाने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ८ जून २०१५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. ए. के. मेनन यांच्या खंडपीठाने मौजेच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, त्या वर्षभरात टप्प्याटप्प्याने बंद करा असं सांगितलं आणि घोडेवाल्यांच्या पुनर्वसनाची योजना करायला सरकारला फर्मावलं.

निकाल बरोबर होता असं माझं मत आहे. शहराच्या त्या रहदारीत घोड्याला जागा उरलेली नव्हती, आणि ज्या तबेल्यांना परवाने नाहीत तिथे निगा तपासायची तरी कोणी? पण पुढच्या दोन वर्षांत वर्तमानपत्रांत जी चर्चा झाली ती वाचा. गाडीमालक किती, हाकणारे किती, फेरीवाल्याचा परवाना की एकरकमी एक लाख रुपये, मुदतवाढ किती. माणसांच्या पोटाचा प्रश्न होता, त्याची चर्चा व्हायलाच हवी होती. पिढ्यान्‌पिढ्या खरारा करणाऱ्या माणसाला रस्त्यावर भाजी विक म्हणून सांगणं हे काही पुनर्वसन नव्हे, हेही खरं. पण या साऱ्या गलक्यात ज्याच्या नावाने निकाल झाला तो घोडा मागे पडला. मिळकत थांबलेला घोडा रोज चार-पाच किलो चंदी आणि त्याच्या दुपटीने वैरण खातोच. तो खर्च पहिल्या दिवसापासून मालकाच्या अंगावर आणि मालकाकडे धंदा नाही. अशा वेळी घोडा विकला जातो, आणि कोणत्या गावी, कोणत्या कामाला गेला याची नोंद कोणी ठेवत नाही. मार्च २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या, व्हिक्टोरियासारख्या दिसणाऱ्या गाड्या मुंबईत सुरू झाल्या. छायाचित्रं छान आली.

माथेरानमध्ये हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने चालू आहे. तिथे मोटारीला बंदी, त्यामुळे चारशेहून अधिक परवानाधारक घोड्यांवर गावाचं पोट. ई-रिक्षा आली आणि अश्वपालांनी विरोध केला. प्राणिप्रेमी म्हणतात घोडा सुटला, घोडेवाला म्हणतो मी बुडालो. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. मोकळ्या झालेल्या घोड्याचं पावसाळ्यात काय, याचं उत्तर मात्र दोघांकडेही तयार नसतं.

पाळीव जनावरांच्या बाबतीत अलीकडचे नियम बरे झाले आहेत. वन्यजीव कायद्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने रानपक्ष्यांचा व्यापार बंद झाला, त्यामुळे कोकणातल्या पडवीत टांगलेला पोपटाचा पिंजरा आता गुन्हा आहे, कोणाला खरं वाटो न वाटो. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम २०१७ मध्ये आले, दुकानांचे २०१८ मध्ये. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, दुकानाची नोंदणी लागते. आणि २०१७ मध्येच आणखी एक नियमावली झाली, जिचं नाव कोणाच्या तोंडी नाही आणि जी मला सर्वांत मोलाची वाटते. खटल्यात जप्त झालेल्या जनावरांच्या निगेची. खटला चालू असेपर्यंत जनावर कोणाच्या ताब्यात राहील आणि त्याच्या चारापाण्याचा, औषधाचा, वाहतुकीचा खर्च मालकाकडून कसा वसूल करायचा, हे तिच्यात ठरवलं आहे. आधी जनावरांनी भरलेला ट्रक पकडला की पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचं काय करायचं हाच पेच पडे. जवळचा पांजरपोळ भरलेला, ठाणेदाराच्या खात्यावर वैरणीचं सदर नाही. शेवटी जनावरं ज्याच्याकडून सोडवली त्यालाच हमीपत्रावर परत जात. पाचशे वर्षांपूर्वीच्या शेपटीच्या हुकुमापासून इथवर यायला इतका वेळ लागला.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्यावर. आंजर्ल्याला फेब्रुवारीपासून कासवांची पिल्लं पाहायला माणसं येतात. अलिबागपासून खाली ज्या ज्या वाळूवर पर्यटकांची गर्दी जमते तिथे घोड्याची फेरी, घोडागाडी, क्वचित उंट हेही आलं आहे. हा हंगामी धंदा. दिवाळी ते मे. जूनच्या पहिल्या आठवड्यात समुद्र खवळतो, होड्या वर ओढल्या जातात, पर्यटक गायब होतात. होडीवर झापांचं छप्पर घालून ठेवलं की दसऱ्यापर्यंत काम भागतं. घोड्याचं भागत नाही. भरउन्हात वाळूवर धावणाऱ्या घोड्याला पाहून आपण हळहळतो, मोबाइलवर चित्र काढतो, तक्रारही करतो. त्याची खरी परीक्षा आपण गावी परतल्यानंतर सुरू होते, चार महिने, कोंदट गोठ्यात, ओल्या खुरांनी.

प्रत्येक जिल्ह्यात क्रौर्यप्रतिबंधक सोसायटी असलीच पाहिजे असा २००१ चा नियम आहे. त्यामुळे कोणाकडे जायचं हा प्रश्न कागदावर तरी सुटलेला आहे. माझं मागणं त्याहून लहान आणि गावपातळीवरचं आहे. ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत वाळूवर घोडे चालतात, तिने हंगामाच्या सुरुवातीला एक ठराव करावा. घोडेवाल्याने आपल्या प्रत्येक घोड्याची नोंद पंचायतीत करावी आणि नोंदीबरोबर तीन गोष्टी लेखी द्याव्यात: पशुवैद्याचा दाखला, पावसाळ्यात घोडा कुठल्या छपराखाली असेल तो पत्ता, आणि जून ते सप्टेंबरच्या वैरणीची तजवीज. फेरीमागे दहा रुपये पंचायतीने वेगळे काढून वैरणीच्या खात्यावर ठेवावेत, पांजरपोळाच्या लाग्यासारखे. ज्याला हे जमत नाही त्याने घोडा आणू नये. आणि घोडेवाल्याला हटकायच्या आधी, वाचकहो, फेरीचे पैसे देताना त्याला एवढंच विचारा, की आषाढात याला ठेवता कुठे.